भोळेपणाचे सोंग : ‘सोंगाड्या’तील नाम्या आणि असंगताचा प्रश्न

१

दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटाचा उल्लेख मराठीत बहुधा दोन संदर्भांत होत आलेला आहे. पहिला संदर्भ प्रदर्शनाचा. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंद यांच्या ‘तेरे मेरे सपने’मुळे ‘सोंगाड्या’ची अडवणूक झाली, दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले आणि शिवसेनेने हस्तक्षेप केल्यावर मराठी चित्रपट पडद्यावर आला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. दुसरा संदर्भ अभिरुचीचा. द्व्यर्थी संवादांची जी परंपरा पुढे दादांच्या नावाशी कायमची जोडली गेली, तिचा आरंभ म्हणून या चित्रपटाकडे बोट दाखविले जाते. पहिल्या संदर्भात ‘सोंगाड्या’ हा मराठी अस्मितेच्या इतिहासातील पुरावा ठरतो, दुसऱ्यात अभिरुचीच्या ऱ्हासाचा. पुरावा म्हणून हाताळल्या गेलेल्या कलाकृतीचे वाचन सहसा होत नाही, आणि तसेच येथेही झाले आहे. नाम्या या पात्राने नेमके काय केले, त्याचा विनोद कोणत्या तत्त्वावर चालतो आणि त्याची किंमत कोण मोजते, हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत.

हे प्रश्न मलाही आपणहून सुचले, असा दावा नाही. रोह्याच्या महाविद्यालयात तृतीय वर्षाच्या वर्गाला विनोदाची मीमांसा शिकविताना हा चित्रपट दाखविला होता. वर्गात पेणच्या खारपट्ट्यातील आगरी मुले होती, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांची मुले होती. सारा वर्ग मनमुराद हसला. हसू ओसरल्यावर कोपऱ्यातील बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, नाम्याला काही कळत नाही म्हणून आपण हसतो. कलावतीला काही कळलं नसतं, तर हसलो असतो का?” त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाशी केलेला उशिराचा संवाद आहे.

२

चित्रपटाचे कथासूत्र थोडक्यात असे. नाम्या हा धाक असलेल्या आईचा एकुलता एक, भाबडा मुलगा. मित्रांबरोबर तो कलावतीचा तमाशा पाहतो आणि त्या दुनियेकडे ओढला जातो. आई त्याला घराबाहेर काढते. घर गमावलेला नाम्या फडाच्या आश्रयाला जातो आणि सोंगाड्या होतो. लेखन वसंत सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, संगीत राम कदम यांचे. कलावती उषा चव्हाण यांनी साकारली आहे, तर नाम्याची आई रत्नमाला यांनी. दादांची ही पहिली चित्रपटभूमिका नव्हे. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त (१९६९) ते पडद्यावर आले होते. पण संपूर्ण चित्रपटाचा भार विनोदी नटाच्या खांद्यावर टाकण्याचे धाडस ‘सोंगाड्या’त झाले, आणि ते दादांनी स्वतःच निर्माता होऊन केले.

या धाडसामागे रंगभूमीची मोठी पुंजी होती. सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग दादांनी केले होते. नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत जन्मलेला आणि सेवादलाच्या कलापथकातून घडलेला हा नट समोरच्या प्रेक्षकाचा श्वास ओळखून शब्द टाकणारा होता. लोकनाट्यातील सोंगाड्याला प्रेक्षक जागच्या जागी उत्तर देतो, आणि त्या उत्तराप्रमाणे पुढचे वाक्य बदलते. चित्रपटात ही देवघेव नसते. पडद्यावरच्या माणसाला प्रेक्षकाचे हसू ऐकू येत नाही. या अडचणीतून नाम्याची घडण झाली असावी, असे मला वाटते. हसू ऐकू न येणारा माणूस हीच नाम्याची व्याख्या आहे. आपण हसतो आहोत हे त्याच्या गावीही नाही. माध्यमाची मर्यादा येथे पात्राचा स्वभाव बनली आहे.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत. पात्र स्वतः हसते ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसविते ते परस्थ. लोकनाट्यातील हवालदार दोन्हींत वावरतो. कोटी केल्यावर तो प्रेक्षकांकडे पाहून तिचा आस्वादही घेतो. नाम्यातून आत्मस्थ हास्य जवळजवळ वजा झालेले आहे, आणि रंगमंचावरच्या दादांना पडद्यावरच्या दादांपासून वेगळे करणारी रेषा हीच होय.

३

‘असंगत’ ही संज्ञा मराठीत प्रामुख्याने नाट्यसमीक्षेतून आली. मार्टिन एसलिनने १९६१ साली ‘ॲब्सर्ड’ रंगभूमीची चर्चा केली तेव्हा त्या शब्दाचा मूळ सांगीतिक अर्थ, म्हणजे बेसूर किंवा मेळ नसलेला, याकडे लक्ष वेधले होते. आपल्या ‘विसंगती’ या शब्दातही हाच मेळाचा अभाव आहे. एसलिनने या रंगभूमीची पूर्वपरंपरा केवळ तत्त्वज्ञानात शोधली नाही, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले गेले नाही. मूकनाट्य, विदूषक, सर्कशीतले जोकर, चॅप्लिन आणि कीटन यांचे मूकपट ही त्याने दाखविलेली वंशावळ आहे. म्हणजे बेकेटचे भणंग आणि फडातला सोंगाड्या यांचे गोत्र फारसे दूरचे नाही.

मराठीत मात्र या गोत्राच्या दोन शाखांना दोन वेगळे न्याय लावले गेले. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव कीर्तनाच्या ढंगात आपल्याच मरणाची कथा सांगतात. तेथे पारंपरिक प्रकाराच्या आधारे उभे राहिलेले असंगत आपण ताबडतोब ओळखले, आणि ते योग्यच होते. तीन वर्षे आधी तमाशाच्या आधारे उभ्या राहिलेल्या असंगताला मात्र आपण ‘पांचट’ म्हणून मोकळे झालो. कीर्तन आणि तमाशा यांना आपल्या सांस्कृतिक उतरंडीत मिळालेल्या स्थानांचा या निवाड्याशी संबंध नाही, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

तथापि ‘सोंगाड्या’ला सरसकट असंगत नाट्याच्या रांगेत बसविणे हेही अन्यायाचे होईल. बेकेटच्या जगात अर्थ देणारे केंद्रच हरवलेले असते. नाम्याच्या जगात केंद्र शाबूत आहे. ते घरात आहे आणि त्याला ‘आये’ अशी हाक मारता येते. नाम्याचे असंगत हे अस्तित्वाचे नव्हे, ते भाषाव्यवहाराचे आहे. जग निरर्थक आहे असे तो सुचवीत नाही. जगाने शब्दांत दडविलेला हेतू त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, इतकेच.

बतावणीतील एक नेहमीचा नमुना पाहू. सरदार विचारतो, “कुठून आलास?” सोंगाड्या उत्तर देतो, “दारातून.” उत्तर खोटे नाही, अप्रस्तुतही नाही. ते प्रश्नाच्या शब्दांना दिलेले आहे, प्रश्नाच्या हेतूला नाही. एच. पी. ग्राइसने संभाषणातील ज्या सहकार्याच्या तत्त्वाची चर्चा केली, ते येथे मोडले जाते, पण उद्धटपणाने नव्हे तर आज्ञाधारकपणाने. फडातल्या सोंगाड्याला आपण ते मोडतो आहोत हे ठाऊक असते. नाम्याला ते ठाऊक नाही. त्याचा आज्ञाधारकपणा खरा आहे, आणि म्हणूनच तो अधिक विध्वंसक आहे. शब्दशः पाळली की कोणतीही आज्ञा हास्यास्पद होते, हे सत्तेला परवडणारे नसते.

४

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर नाम्या अभिधेत राहतो आणि प्रेक्षक व्यंजनेत. हशा या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत पिकतो. दादांवर घेतल्या जाणाऱ्या मुख्य आक्षेपाकडेही या अंगाने पुन्हा पाहता येते. ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ हे त्यांच्याविरुद्ध वापरले गेलेले दोन शब्द मम्मटाच्या दोषप्रकरणातून थेट उचलल्यासारखे आहेत. पण मम्मट दोष शब्दात पाहतो. ‘सोंगाड्या’त दोष शब्दात नसतो, तो ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो. नाम्याने बोललेले वाक्य कागदावर उतरवून काढले तर ते बहुधा स्वच्छ निघेल. त्याला दुसरा अर्थ देण्याचे काम अंधारात बसलेल्या सहृदयाने करावयाचे असते, आणि ते तो मोठ्या तत्परतेने करतो. सेन्सॉरशी दादांचे पुढे जे वारंवार खटके उडाले त्यांचे मूळही येथेच आहे. कात्री शब्दाला लावता येते, ऐकणाऱ्याच्या मनाला ती कशी लावणार?

तेव्हा नाम्याचा भोळेपणा हे केवळ स्वभाववर्णन नाही. ते अर्थनिर्मितीची जबाबदारी प्रेक्षकाकडे सरकविणारे यंत्र आहे. नाम्या बोलतो, आपण हसतो, आणि हसलो की पकडले जातो. ढगळ अर्धी चड्डी आणि तिची लोंबती नाडी हा जो वेष दादांच्या ओळखीचा भाग झाला, त्याचेही कार्य हेच आहे. वाढलेल्या पुरुषाच्या देहावर लहान मुलाचा पोशाख. देह एक सांगतो, कपडे दुसरेच सांगतात, आणि दोहोंतला मेळ प्रेक्षकाने घालावयाचा असतो.

येथपर्यंत मी नाम्याच्या बाजूने बोललो. आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे.

नाम्याला न कळण्याची मुभा आहे. कलावतीला ती नाही. फडावर उभ्या असलेल्या स्त्रीचा व्यवसायच व्यंजनेचा असतो. लावणीतील प्रत्येक शब्दाचा दुसरा अर्थ तिला ठाऊक असावा लागतो, तो डोळ्यांतून, भुवईतून, मानेच्या वळणातून पोहोचवावा लागतो, आणि समोरच्या बैठकीतील कोणाला तो किती पोहोचला याचा अंदाजही ठेवावा लागतो. ते जाणणे तिच्या पोटाशी निगडित आहे. ज्या दिवशी तिला ‘काही कळणार नाही’ त्या दिवशी ती विनोदी ठरणार नाही, ती निराधार ठरेल. भोळा पुरुष हसू आणतो, भोळी नाचणारी काळजी आणते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे ‘नाही’ आहे, आणि ते आपल्या विनोदमीमांसेला अडचणीत टाकणारे आहे. शब्दांना हेतूच्या ओझ्यातून मोकळे करणारे निरागसपण आपण वैश्विक मानतो. प्रत्यक्षात तो एका बाजूलाच दिलेला परवाना आहे, आणि त्याची किंमत दुसरी बाजू मोजते. मळ्यातल्या गाजलेल्या द्वंद्वगीतातही हे दिसते. उषा चव्हाण यांच्या नजरेला दोन्ही अर्थ सांभाळावे लागतात, म्हणूनच दादांचा चेहरा कोरा राहू शकतो. त्या कोऱ्या चेहऱ्याचे श्रेय आपण एकट्या नायकाला देत आलो. तो कोरा ठेवण्याचे अर्धे काम नायिका करीत होती.

५

मग ‘सोंगाड्या’ हा केवळ या विषमतेचा लाभार्थी आहे काय? मला तसे वाटत नाही, आणि या चित्रपटाला दादांच्या पुढच्या चित्रपटांपेक्षा वेगळे स्थान द्यावेसे वाटते ते याच मुद्द्यावर. नाम्या फडाबाहेर राहून तमाशा पाहत राहिला असता, तर हा एका भाबड्या रसिकाचा चित्रपट झाला असता. पण आई दार लावते. अर्थाचे जे एकमेव केंद्र त्याला होते, ते त्याला बाहेर उभे करते. नाम्या तमाशात जातो तो रसिक म्हणून नव्हे, आसरा शोधणारा म्हणून. आणि तेथे त्याला जे काम मिळते ते विलक्षण आहे. आजवर तो जे होता, तेच आता त्याला पैशासाठी करून दाखवावे लागते. भोळ्याला भोळ्याचे सोंग घ्यावे लागते.

माझ्या मते चित्रपटातील खरे असंगत येथे आहे. घरात त्याचे न कळणे हा दोष होता, गावात ती गंमत होती, फडात तो धंदा होतो. ज्या जागी कलावती आधीपासून उभी होती, त्या जागेच्या शेजारी तो येतो. पाहणारा पाहिला जाणारा होतो. कलावतीच्या आणि त्याच्या स्थितीतले अंतर येथे नाहीसे होत नाही. सोंगाड्यावर गाव हसते, पण नाचणारीवर गाव जो हक्क सांगते तो त्याच्यावर सांगत नाही. तरीही आपले निरागसपण हे विकता येण्याजोगे आहे, हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडते. शीर्षकाने व्यक्तीचे नाव न घेता व्यवसायाचे नाव घेतले आहे, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. चित्रपटाचे नाव ‘नाम्या’ नाही.

याच्या तुलनेत पुढील शीर्षके पाहावीत. ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८). दुसरा अर्थ आता प्रेक्षकाच्या मनात उमटण्याची वाट पाहत नाही, तो फलकावरच लागलेला आहे. भोळेपण कथेत सिद्ध व्हावे लागत नाही, ते गृहीत धरले जाते. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांमुळे दादांचे नाव गिनेसच्या विक्रमांत गेले. या यशाला कमी लेखण्याचे कारण नाही. गिरणगावच्या आणि खेड्यांतल्या प्रेक्षकाला आपली बोली, आपली चाल, आपली आई पडद्यावर मिळाली, हे त्याचे स्पष्टीकरण पुरेसे आहे. पण नाम्याला जे फडात घडले तेच दादांना चित्रपटसृष्टीत घडले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. जे एकदा शोध म्हणून सापडले, ते पुढे सोंग म्हणून पुरवीत राहावे लागले.

मी पेणला राहतो. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यांतून वर्षभर काम चालते. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, आणि साच्याची कोणी लाज बाळगत नाही, कारण साचा म्हणजे कारागिराची एकदा झालेली निश्चिती असते. पण डोळ्यांची आखणी साच्यातून येत नाही. ती प्रत्येक मूर्तीची वेगळी, हाताने करावी लागते, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी डोळे पाहते. ‘सोंगाड्या’नंतरच्या अनेक चित्रपटांत साचा तोच आहे आणि पक्का आहे. आखणीची तेवढी खात्री देता येत नाही.

योगायोग असा की दादांच्याच एका शीर्षकाने ‘सोंगाड्या’चे मर्म नकळत सांगून ठेवले आहे. आंधळ्याने मारलेला डोळा हा इशारा म्हणावा की नाही? ज्याला समोरचे दिसत नाही त्याची पापणी लवली, तर तिला अर्थ कोणी दिला? नाम्याचा सारा विनोद या एका प्रश्नात सामावतो. पापणी त्याची, इशारा आपला.

६

जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये (१९९२) लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तमाशाच्या पार्श्वभूमीतून चित्रपटाच्या झगमगाटात गेलेला विनोदी नट रंगविला. पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेने हसविणाऱ्याच्या एकाकीपणाला वाचा दिली, आणि समीक्षेने त्या चित्रपटाची गंभीरपणे दखल घेतली. विदूषक रडला की आपण त्याच्याकडे कलावंत म्हणून पाहतो, तो हसवीत असतो तेव्हा मात्र पाहत नाही. ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे. ‘सोंगाड्या’तील प्रश्न ‘एक होता विदूषक’मधील प्रश्नाहून फारसा वेगळा नाही. फरक इतकाच की तो अश्रूंच्या मदतीवाचून विचारलेला आहे, म्हणून आपल्याला तो ऐकू आला नाही.

अर्थात, येथे केलेल्या वाचनाने दादांच्या एकूण चित्रपटांचे समर्थन होते असे मी मानत नाही. नाम्याच्या निरागसपणाचा भार कलावतीने वाहिला, हे एकदा दिसल्यावर आधीसारखे निर्वेध हसता येत नाही. पण हसताच येत नाही असेही नाही. त्या विद्यार्थिनीला मी पुन्हा भेटलो तेव्हा हे सारे जमेल तसे सांगितले. ती म्हणाली, “पण सर, मी तेव्हाही हसलेच होते.” विनोदाच्या मीमांसेला तिचे हसू आणि तिचा प्रश्न यांपैकी एकाची निवड करून चालणार नाही. तिने दोन्ही एकाच बाकावर बसून केले होते.